यंत्राआधी उधारीचे दिवस मोजा

नवा धंदा काढणाऱ्याला सगळे एकच प्रश्न विचारतात: भांडवल किती लागेल? बँकेत तोच, घरात तोच, उद्योजकता प्रशिक्षणाच्या वर्गातही तोच. उत्तराचा साचाही ठरलेला असतो. यंत्राची किंमत, जागेची अनामत, वायरिंग-फर्निचर, आणि शेवटच्या ओळीत ‘खेळतं भांडवल’, म्हणजे रोजचा व्यवहार चालवायला लागणारा पैसा, म्हणून एक गोल आकडा. यंत्राचं कोटेशन तीन ठिकाणांहून आणलेलं असतं. हा शेवटचा आकडा मात्र बहुतेक वेळा प्रकल्प अहवाल टाइप करणाऱ्याने वरच्या बेरजेचे अमुक टक्के म्हणून टाकलेला असतो. धंदा बुडतो तो याच ओळीत.

धंदा किती पैशात सुरू होतो यापेक्षा घातलेला पैसा किती दिवसांनी परत येतो, हा नियोजनातला पहिला प्रश्न आहे. आणि तो केवळ नवउद्योजकाने स्वतःला विचारायचा प्रश्न नाही, धोरणाचाही आहे. सरकारं, बँका, प्रशिक्षण संस्था आपलं यश किती कर्जं वाटली आणि किती युनिटं उघडली यावर मोजतात. दिवसांचा हिशोब कोणाच्याच तक्त्यात नसतो.

एक उदाहरण पुरतं उलगडून पाहू. कापडी पिशव्या शिवून दुकानांच्या साखळीला आणि कंपन्यांना पुरवणारं छोटं युनिट घ्या. महिन्याची विक्री १०० धरू, चलन कोणतंही असो. त्यातले ५५ कापड, चेन, दोरा, बंद यांत जातात. नगावर दिली जाणारी शिलाई, पॅकिंग आणि वाहतूक मिळून १०. उरले ३५. त्यातून भाडं, वीज, पगारी माणसं, कर्जावरचं व्याज आणि मालकाचा स्वतःचा पगार मिळून २८. नफा ७. ना नफा ना तोटा होण्याइतकी विक्री काढायची तर २८ ला ०.३५ ने भागायचं, उत्तर ८०. म्हणजे विक्री पाचव्या हिश्श्याने घसरली तरी धंदा तग धरतो. कागदावर हे युनिट चांगलं आहे. (मालकाचा पगार खर्चात धरलाय, हे लक्षात घ्या. तो न धरता दाखवलेला नफा म्हणजे मालकाने फुकट केलेली नोकरी.)

आता दिवस मोजू. कापड रोखीने घ्यावं लागतं, कारण नव्या गिऱ्हाइकाला व्यापारी उधारी देत नाही. कापड सरासरी २० दिवस रॅकवर पडून राहतं, कारण किमान गठ्ठ्याखाली ते मिळत नाही आणि रंगही दोन-तीन ठेवावे लागतात. कापणी, शिलाई, छपाई यांत १० दिवस. तयार माल लॉट पुरा होऊन गाडी लागेपर्यंत १० दिवस. मग गिऱ्हाइकाची मुदत ६० दिवस. कापडावर घातलेला पैसा १०० दिवसांनी परत येतो. मजुरी, भाडं, पगार यांचा पैसा कापणी सुरू झाल्यापासून धरला तर ८० दिवसांनी.

किती पैसा अडकला? कापडाचे ५५ गुणिले १००, भागिले ३०, म्हणजे १८३. बाकी खर्चाचे १० आणि २८ मिळून ३८, गुणिले ८०, भागिले ३०, म्हणजे १०१. बेरीज सुमारे २८५. महिन्याला ७ कमावणाऱ्या युनिटचे २८५ कायम बाहेर. चाळीस महिन्यांच्या नफ्याहून जास्त. यात शिलाई यंत्रांची किंमत अजून धरलेलीच नाही.

प्रकल्प अहवालात या जागी साधारण एका महिन्याचा खर्च दिसतो, म्हणजे ९३. उरलेले १९० कुठून येणार? ते येतात दागिन्यांतून, हातउसने, भिशीतून, कापडवाल्याच्या थकबाकीतून, आणि सगळ्यात आधी मालकाच्या पगारातून. त्यातही भागलं नाही की महिन्याच्या व्याजाने. मग लोक म्हणतात, धंदा जमला नाही. धंदा जमला होता, १०० दिवसांचा खर्च जमवून ठेवलेला नव्हता.

याहून वाईट म्हणजे काम वाढलं की हीच जखम मोठी होते. समजा विक्री १५० वर गेली आणि स्थिर खर्च २८ वरून ३० झाला. नफा ७ वरून साडेबावीस. तिपटीहून जास्त! पण अडकलेला पैसा २८५ वरून ३९५ होतो. म्हणजे ११० आणखी, आणि तेही वाढीव नफ्याचा पहिला पैसा हातात येण्याच्या आधी. मोठी ऑर्डर मिळाल्याचे पेढे वाटून तीन महिन्यांत पगार थकवणारी युनिटं याच गणिताने अडकतात. अशा वेळी बँकेत गेलं तर अधिकारी मागच्या वर्षाचा ताळेबंद पाहतो, आणि मागच्या वर्षी विक्री कमी होती. त्याचीही चूक नाही, त्याला दिलेला फॉर्मच तसा आहे.

नफा-तोटा पत्रक हा अडथळा दाखवत नाही, कारण माल गेला की विक्री लिहिली जाते, पैसे येवोत न येवोत. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज तिथे दिसतं, मुद्दल दिसत नाही. महिन्याला ४ मुद्दल फेडायचं असेल तर वरच्या ७ मधले ३ च हाती उरतात. शिवाय विक्रीकर. अनेक करपद्धतींत बिल फाडलं की कर भरण्याची जबाबदारी सुरू होते, गिऱ्हाइकाने पैसे दिले की नाही हे कोणी विचारत नाही. गिऱ्हाइकाची उधारी, आणि तिच्यावरचा सरकारचा कर आपल्या खिशातून आगाऊ. ब्रिटनमध्ये ठरावीक उलाढालीखालच्या व्यावसायिकांना पैसे मिळाल्यावर व्हॅट भरण्याची मुभा आहे. ही सवलत कुठल्याही अनुदानापेक्षा कामाची आहे आणि सरकारचं त्यात फक्त वेळापत्रक बदलतं, महसूल बुडत नाही. तरी ती फारशी कोणी मागत नाही, कारण अनुदान बातमीत येतं.

आता दिवस कमी कसे करायचे. गिऱ्हाइकाची मुदत ६० वरून ४५ वर आली तर महिन्याच्या ९३ खर्चाचा निम्मा भाग, म्हणजे साडेसेहेचाळीस, मोकळा होतो. साडेसहा महिन्यांचा नफा एका वाटाघाटीत. कापडवाल्याने ३० दिवसांची उधारी दिली तर ५५ मोकळे होतात. ती मिळते, पण मागून नाही, तीन-चार खेपा ठरल्या दिवशी पैसे पोचवल्यावर. आणि मिळाली तरी रोख भाव आणि उधार भाव यांतला फरक आधी विचारावा. ३० दिवसांसाठी भाव तीन टक्क्यांनी चढा असेल तर ते महिना तीन टक्क्यांचं कर्ज झालं, बँकेच्या दुप्पट-तिप्पट दराचं.

साठा कमी करा, हा सल्ला मात्र जपून घ्यावा. २० दिवसांचं कापड १० दिवसांवर आणलं तर १८ मोकळे होतात. पण मोठा गठ्ठा घेण्यावर मिळणारी दोन टक्के सूट गेली तर महिन्याला १.१ जातात, म्हणजे मोकळ्या झालेल्या पैशावर महिना सहा टक्के. बँकेचा पैसा हाताशी असेल तर गठ्ठाच घेतलेला बरा, फक्त तो रंग खात्रीने खपणारा हवा. न खपणारा गठ्ठा कितीही सुटीत मिळाला तरी महागच.

सूट देऊन विक्री वाढवायचा मोह सगळ्यात घातक. १०० ची वस्तू ९० ला दिली की सुटणारे ३५ चे २५ होतात. तेवढेच ३५ सुटायला चाळीस टक्के जास्त माल विकावा लागतो. त्या चाळीस टक्के मालाचं कापडही आधी घ्यावं लागतं. लवकर पैसे देणाऱ्याला सूट ही वेगळी गोष्ट. ४० ऐवजी १० दिवसांत पैसे आले तर दोन टक्के सोडायचे, हा सौदा वर्षाला साधारण पंचवीस टक्के व्याजाचा पडतो. १०० वर ७ सुटत असताना त्यातले २ सोडणं रोजचं धोरण होऊ शकत नाही. पगाराच्या आठवड्यात, महिन्याला पाच टक्के घेणाऱ्याचं दार ठोठावण्यापेक्षा मात्र हे शहाणपणाचं.

उधारीचे दिवस वाटाघाटीत जितके वाढतात, तितकेच कागदांत वाढतात, आणि याबद्दल प्रशिक्षणात अवाक्षर नसतं. मोठ्या खरेदीदाराकडे बिल पोचतं तेव्हा ६० दिवस सुरू होत नाहीत, ते ‘पास’ होतं तेव्हा सुरू होतात. बिलावर पीओ (खरेदीदाराची लेखी ऑर्डर) नंबर नाही, परत. पीओत ५०० नग आणि चलानावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, ४९६, परत. माल उतरवून घेणाऱ्याची सही आहे पण शिक्का नाही, परत. दर पीओत करासह, बिलात कर वेगळा, परत. आणि परत आलंय हे कळवायची जबाबदारी कोणाचीच नसते. पंचेचाळिसाव्या दिवशी फोन केल्यावर कळतं की बिल कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून आहे. घड्याळ पुन्हा शून्यावर. पेमेंटच्या तारखाही ठरलेल्या असतात, उदाहरणार्थ महिन्याची ५ आणि २०. बिल ४ तारखेच्या संध्याकाळी पास झालं तर यादी निघून गेलेली असते, आणखी १५ दिवस.

म्हणून माल पाठवण्याआधी पीओ, चलान आणि बिल शेजारी ठेवून नग, दर, कर आणि नाव एकदा जुळवावं. माल पोचल्याची सही-शिक्क्याची प्रत त्याच गाडीने परत आणावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पैसे मागायचे नाहीत, फक्त विचारायचं: बिल नोंदलं गेलं का, काही त्रुटी आहे का? हा फोन खरेदी विभागाला नव्हे, अकाउंट्सला करायचा. आणि ५०० पैकी तीन पिशव्यांची शिलाई उसवली म्हणून सगळं बिल अडलं असेल तर वाद घालत बसू नये. तीन नगांची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून वजा केल्याचा कागद, त्याच दिवशी द्यावी आणि ४९७ चे पैसे मार्गी लावावेत. चूक कोणाची होती हे ठरवण्याचा आनंद तीन पिशव्यांपेक्षा फार महाग पडतो.

एवढं सगळं करूनही मोठा खरेदीदार पैसे थांबवू शकतो, कारण त्याचं काही अडत नाही. इथून पुढे प्रश्न सार्वजनिक होतो. लहान पुरवठादाराच्या पैशावर मोठी कंपनी बिनव्याजी धंदा करते, आणि ती पोकळी भरायला सरकार लहान पुरवठादाराला कर्ज देतं. हे कर्ज नावाला लहान उद्योगाचं आहे, वापरते मोठी कंपनी. व्याज मात्र पिशव्या शिवणारा भरतो.

कायदे आहेत. जपानने उपकंत्राटदाराचे पैसे थकवण्याविरुद्ध १९५६ मध्येच कायदा केला, माल मिळाल्यापासून ६० दिवसांत पैसे देण्याचं बंधन त्यात पुढे आलं. ब्रिटनचा उशिरा पेमेंटवरील व्याजाचा कायदा १९९८ चा. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात सरकारी खात्यांना साधारण ३० दिवस आणि कंपन्यांना ६० दिवस आहेत, पण कंपन्यांच्या बाबतीत ‘करारात स्पष्टपणे वेगळं ठरलं नसेल तर’ ही पळवाट आहे. वेगळी अट अन्यायकारक नसावी असं पुढे लिहिलंय, पण तो अन्याय सिद्ध करायला जाणार कोण? भारताचा २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायदा यापेक्षा कडक आहे. करार असला तरी कमाल ४५ दिवस, लेखी करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार राज्य सरकारने नेमलेल्या सुलभीकरण परिषदेकडे जाते आणि निकालाविरुद्ध न्यायालयात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. असा दात असलेला कायदा फार देशांत नाही.

मग तरी पैसे का अडकतात? कारण हे सगळे कायदे पुरवठादाराने तक्रार करण्यावर उभे आहेत, आणि तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली. ज्याच्या विक्रीतले सत्तर टक्के एकाच गिऱ्हाइकाकडून येतात तो व्याज मागत नाही, दिवाळीला भेट पाठवतो. हक्क बजावल्याने धंदा जाणार असेल तर तो हक्क पुस्तकातच राहतो.

तक्रारीवाचून चालणारी व्यवस्था हवी. तिचे दोन नमुने डोळ्यांसमोर आहेत. ब्रिटनमध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना आपण सरासरी किती दिवसांत पैसे देतो हे वर्षातून दोनदा जाहीर करावं लागतं. नवा पुरवठादार ऑर्डर घेण्याआधी ते पाहू शकतो आणि किंमत त्याप्रमाणे लावू शकतो. दुसरा नमुना भारताचा. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली की सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च वजावटीला धरला जाणार नाही. इथे पुरवठादाराला तोंड उघडावं लागत नाही. खरेदीदाराचा लेखापरीक्षकच त्याला मार्चमध्ये आठवण करतो.

यावरचा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. मुदत सक्तीची झाली की मोठे खरेदीदार लहानांना टाळतील, किंवा नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडे वळतील. भारतात ही तरतूद आली तेव्हा व्यापाऱ्यांनी हीच भीती बोलून दाखवली. भीती निराधार नाही. पण तिचा अर्थ नीट लावायला हवा. उधारीमुळेच जो पुरवठादार परवडतो, त्याच्याकडून खरेदीदार पिशव्यांसोबत फुकटचं कर्जही विकत घेत होता. ते बंद झाल्यावर तो गेला, तर स्पर्धा पिशवीवर कधी नव्हतीच. संरक्षण फक्त ठरावीक आकाराच्या नोंदणीकृत उद्योगांपुरतं ठेवल्यानेच खरेदीदाराला पळायला जागा मिळते. मुदत सगळ्यांच्याच बिलांना लावली तर पळायला कुठे राहत नाही. आकारानुसार सवलत द्यायचीच असेल तर ती देणाऱ्याच्या बाजूने द्यावी, लहान खरेदीदाराला थोडे दिवस जास्त. वरच्या कापडवाल्याच्या दृष्टीने पिशव्यांचं युनिटही खरेदीदारच आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि सरकारने आधी स्वतःची बिलं पाहावीत. शाळांना बाकं, दवाखान्यांना चादरी, कार्यालयांना छपाई पुरवणारे बहुधा लहानच असतात. खात्याचा निधी संपला म्हणून पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत थांबलेलं बिल हे त्या पुरवठादारासाठी व्यवसायावर घातलेल्या बंदीपेक्षा वेगळं नसतं. एका खिडकीतून कर्ज आणि शेजारच्या खिडकीत अडकलेलं बिल, यातली कोणती खिडकी आधी दुरुस्त करावी याला अर्थशास्त्र लागत नाही.

कर्ज नकोच, असा याचा अर्थ नाही. ज्याच्याकडे पहिल्या यंत्राचेही पैसे नाहीत त्याला वसुलीचे धडे देऊन उपयोग नाही. पण कर्ज देताना त्याचा आकार बदलता येतो. आज यंत्राला कर्ज सहज मिळतं, कारण यंत्र तारण ठेवता येतं, आणि मालाच्या चक्राला मिळत नाही. मग लोक यंत्राच्या कोटेशनमध्ये रक्कम फुगवून खेळतं भांडवल काढतात, किंवा उलट, कॅश क्रेडिटच्या, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेने दिलेल्या पैशातून यंत्र घेतात आणि कापडाला पैसा उरत नाही. पहिला हप्ता कधी, हेही दिवसांच्या गणितातूनच यायला हवं. वरच्या युनिटचं पहिलं पेमेंट शंभराव्या दिवशी येतं. तिथे दुसऱ्या महिन्यापासून हप्ता लावणं म्हणजे कर्जाच्याच पैशातून कर्ज फेडायला लावणं.

प्रशिक्षण वर्गात प्रकल्प अहवालाऐवजी एकच कागद करून घ्यावा: पुढच्या तेरा आठवड्यांची रोकड. तेरा आठवडे म्हणजे एक तिमाही, भाड्याचे, पगाराचे, हप्त्याचे आणि कराचे सगळे दिवस त्यात येऊन जातात. वर सुरुवातीची शिल्लक. खाली येणे, गिऱ्हाइकागणिक वेगळ्या ओळीत, बिलावरच्या तारखेला नव्हे तर ते गिऱ्हाइक खरोखर पैसे सोडतं त्या आठवड्यात. ६० दिवस लिहिणारा ७५ ला देत असेल तर ७५ च. त्याखाली देणे, त्या-त्या आठवड्यात. पगार, भाडं, वीज, कापड, मुद्दलासकट हप्ता, कर. कर म्हणून जमा झालेले पैसे वेगळ्या खात्यात, ते आपले नाहीत. शेवटी उरलेली शिल्लक. नवव्या आठवड्यात ती उणे दिसत असेल तर आज आठ आठवडे हातात आहेत. नवव्या आठवड्यात कळलं तर फक्त सावकार हातात आहे. मग सगळ्यात मोठं येणं दोन आठवडे पुढे ढकलून कागद पुन्हा पाहावा. एका गिऱ्हाइकाच्या उशिराने शिल्लक उणे होत असेल, तर ते गिऱ्हाइक एव्हाना तुमचा भागीदार झालंय, नफ्यात नव्हे, फक्त जोखमीत.

हा कागद यंत्र घेण्याआधी करून पाहिला की बऱ्याचदा यंत्रच बाजूला पडतं. पहिले तीन-चार लॉट बाहेर जॉबवर्कने शिवून घेता येतात. सुटणारे ३५ कदाचित २२ वर येतील, पण भाडं, हप्ता आणि पगार नसतात, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइक किती दिवसांत पैसे देतं ते कळतं. ते कुठल्याही बाजार सर्वेक्षणात कळत नाही. नमुन्याच्या ऑर्डरवर चाळीस-पन्नास टक्के आगाऊ मागून पाहावेत. कापडाची किंमत निघेल एवढा आगाऊ मिळाला तर १०० दिवसांचं ओझं निम्म्याहून खाली येतं. नवीन असताना आगाऊ मागितला तर ऑर्डर जाईल, असं वाटतं. काही जातीलही. जी जाईल तिच्या ७५ दिवसांचा हिशोब तेरा आठवड्यांच्या कागदावर मांडून पाहावा, आणि मग ठरवावं की ती गेल्याचं दुःख करायचं की नाही.